‘लोकेशन काढलं’ म्हणजे नेमकं काय काढलं?

२००२-०३ च्या सुमारास माझ्याकडे नोकिया ३३१० होता. मेसेजच्या मेनूत जाऊन ‘इन्फो सर्व्हिस’ चालू करायची, त्यात ०५० हा क्रमांक टाकायचा, की कंपनीच्या नावाखाली आपण ज्या भागात आहोत त्याचं नाव स्क्रीनवर यायला लागायचं. मुंबईहून पुण्याला येताना आमचा तो खेळच होता. कर्जत, मग घाटातल्या बोगद्यांत काहीच नाही, मग खंडाळा, मग लोणावळा. फोनमध्ये जीपीएस नव्हतं, नकाशा नव्हता, इंटरनेट तर नव्हतंच. तरी फोनला कळायचं कसं, याचं आम्हाला कोण अप्रूप!

साताऱ्याच्या घरी मात्र या जादूची फजिती व्हायची. पुढच्या खोलीत फोनवर एका पेठेचं नाव आणि मागे स्वयंपाकघरात गेलं की दुसऱ्याच भागाचं. आई म्हणायची, “आपलं स्वयंपाकघर परगावी आहे होय रे?”

त्या फोनला आपण कुठे आहोत हे मुळात माहीतच नव्हतं. टॉवर आपलं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं सारखं सांगत होता आणि फोन ज्या टॉवरचं ऐकत होता त्याचं नाव स्क्रीनवर टाकत होता. नाव टॉवरचं होतं, आमचं नव्हतं. पुढे मी याच धंद्यात पडलो, बरीच वर्षं गाडीत लॅपटॉप आणि चार फोन घेऊन रस्तोरस्ती नेटवर्क मोजत हिंडलो. त्याला आम्ही ‘ड्राइव्ह टेस्ट’ म्हणतो. आज पोलिसांच्या बातम्यांत, मालिकांमध्ये, व्हॉट्सअॅपवर ‘लोकेशन काढलं’ हे शब्द कानावर पडले की मला ती आईची शंका आठवते. त्या तीन अक्षरी ‘काढलं’च्या पोटात अनेक वेगवेगळ्या गोष्टी असतात. कधी दोन मीटरची, कधी वीस किलोमीटरची. त्या एकेक करून पाहू.

टॉवर, सेक्टर आणि सांडलेलं ताक

मोबाइलला ‘सेल्युलर’ म्हणतात ते सेलमुळे. सगळ्या मुलखाचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला आपला टॉवर द्यायचा ही कल्पना अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९४७ साली डग्लस रिंग यांनी मांडली. कागदावर हे तुकडे षटकोनी काढतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे. प्रत्यक्षात त्यांचा आकार जमिनीवर सांडलेल्या ताकासारखा असतो. उतार असेल तिकडे पसरतं, भिंत आडवी आली की अडतं, एखादा ओघळ कुठल्या कुठे जातो.

टॉवरकडे नीट बघितलंत तर उभ्या, चपट्या पेट्या तीन दिशांना तोंड करून बसवलेल्या दिसतील. त्या अँटेना. प्रत्येकीनं साधारण १२० अंशांचा पट्टा सांभाळायचा, म्हणजे एका टॉवरचे तीन सेक्टर झाले. आमच्या भाषेत अख्खा टॉवर म्हणजे ‘साइट’, आणि अँटेना उत्तरेपासून किती अंशांवर तोंड करून आहे तो ‘अझिमथ’. प्रत्येक सेक्टरच्या सेलला स्वतःचा क्रमांक असतो. त्याच्या आधी देशाचा कोड लागतो (भारताचे ४०४ आणि ४०५), मग कंपनीचा, मग भागाचा. हे सगळं जोडलं की त्या क्रमांकाचा दुसरा सेल जगात मिळत नाही.

फोन कुठल्या सेलशी बोलतोय हे नेटवर्कला कळतं, कारण त्याशिवाय कॉल पोचवणारच कसा? कुठलंही जादा यंत्र न लावता, फुकटात मिळणारं लोकेशन ते हेच. दादरसारख्या ठिकाणी एक सेल दोन-तीनशे मीटरचा असेल, तर माण-खटावच्या माळावर तोच दहा किलोमीटर पसरलेला असेल. ‘टॉवर लोकेशन’ हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतात, पण एकीकडे त्याचा अर्थ गल्ली आणि दुसरीकडे आठ-दहा वाड्या-वस्त्या.

त्यात आणखी दोन भानगडी. पहिली ‘ओव्हरशूटिंग’. डोंगरावरच्या साइटची अँटेना पुरेशी खाली कललेली नसेल तर तिचा सिग्नल पायथा सोडून पलीकडच्या खोऱ्यातल्या गावात जाऊन पडतो. पाण्यावरही तसंच. मध्ये अडवायला काही नसतं, त्यामुळे मांडव्याच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या फोनला समोरच्या मुंबईतला टॉवर जवळच्या टॉवरपेक्षा गोड वाटू शकतो. माणूस रायगड जिल्ह्यात आणि नोंद मुंबईची.

दुसरी भानगड माणसांनी केलेली, ‘सेक्टर स्वॅप’. टॉवरवर चढून केबल जोडणाऱ्यानं पहिल्या सेक्टरची केबल तिसऱ्याला आणि तिसऱ्याची पहिल्याला लावली की कॉल लागतात, इंटरनेट चालतं, कुणाची तक्रार येत नाही. फक्त कागदावर जो सेल उत्तरेला बघतो तो खरा बघत असतो नैऋत्येला. हे आम्हाला कळायचं ते गाडी टॉवरभोवती फिरवल्यावर. लॅपटॉपच्या नकाशावर एका सेक्टरचे निळे ठिपके जिथे यायला हवेत तिथे दुसऱ्याचे लाल यायला लागले की चहा संपवून साइटवाल्याला फोन करायचा. अशा किती साइट वर्षानुवर्षं उलट्या जोडलेल्या राहत असतील, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

‘फोन चालू असला की कंपनीला पावलापावलाचा पत्ता असतो’ असं सर्रास बोललं जातं. तेही अर्धवट आहे. फोन खिशात गप्प पडलेला असताना नेटवर्क त्याचा सेल लक्षात ठेवत नाही. दहा-वीस किंवा त्याहून जास्त सेलचा मिळून एक मोठा भाग केलेला असतो, आणि फोन त्या भागाची हद्द ओलांडली की ‘मी इकडे आलोय’ असं कळवतो. ठरावीक काळानं उगाच एक हजेरीही देतो. तुम्हाला कॉल आला की त्या भागातले सगळे टॉवर एकदम तुमच्या नावानं हाका मारतात, जत्रेत हरवलेल्या पोराचं नाव लाउडस्पीकरवर पुकारावं तसं, आणि फोन ‘ओ’ देतो तेव्हा सेल कळतो. अर्थात आजचा स्मार्टफोन गप्प बसतोच कुठे! मेल, मेसेज, अॅपचे अपडेट, काही ना काही चालूच असतं, म्हणून सेल वरचेवर कळत राहतो. फोन बंद केला की मात्र काहीच नाही. नेटवर्ककडे उरते ती शेवटची नोंद.

लांबच्यानं लवकर निघावं

आता अंतर. हे नेटवर्कला मोजावंच लागतं, आणि त्यामागचं कारण लोकेशन हे नव्हतंच.

२जीमध्ये आठ फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीनं बोलतात. प्रत्येकाची पाळी ५७७ मायक्रोसेकंदांची. रेडिओ लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते, म्हणजे एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर. टॉवरच्या खाली उभ्या असलेल्या फोनचा आवाज लगेच पोचतो, तीस किलोमीटरवरच्याचा शंभर मायक्रोसेकंद उशिरा पोचतो आणि पुढच्याच्या पाळीत घुसतो. उपाय आपल्या घरातलाच आहे. मुहूर्त गाठायचा तर लांबच्या पाहुण्यानं लवकर निघायचं. टॉवर प्रत्येक फोनला सांगतो की तू इतका आधी बोलायला लाग. या आकड्याला ‘टायमिंग अॅडव्हान्स’ म्हणतात, आम्ही नुसतं ‘टीए’ म्हणतो. तो ० ते ६३ असतो आणि एक पायरी म्हणजे साधारण ५५० मीटर. म्हणूनच २जीच्या सेलची साधारण मर्यादा ३५ किलोमीटर आहे.

कोण किती आधी निघाला यावरून कोण किती लांब राहतो ते कळतं. पाचगणीच्या कड्यावर एक साइट आहे असं समजा. तिच्या सेलवर एक फोन आहे आणि त्याचा टीए १८. अठरा गुणिले ५५० म्हणजे जवळजवळ दहा किलोमीटर. तेव्हा सेलचं नाव काहीही असो, हा माणूस पाचगणीत नाही. तो वाईच्या बाजूला खाली कुठेतरी आहे. नुसत्या सेलच्या नावावर विसंबून पाचगणीची हॉटेलं धुंडाळणाऱ्याचा दिवस फुकट गेला असता. आता हे दहा किलोमीटर म्हणजे एक ठिपका नाही, टॉवरभोवतीची ५५० मीटर रुंदीची एक कड आहे, बांगडीसारखी. सेक्टरमुळे त्या बांगडीचा एक तृतीयांश तुकडा उरतो, तोही वीसेक किलोमीटर लांबीचा. ४जीत हीच पायरी ७८ मीटरवर आली, त्यामुळे बांगडी बारीक झाली, पण तिची लांबी तेवढीच राहिली.

गोम अशी की टीए ही चालू कॉलच्या वेळची, क्षणापुरती गोष्ट आहे. बिलासाठी जी नोंद साठवतात तिच्यात सेल उतरतो, टीए सहसा उतरत नाही.

सिग्नलच्या जोरावरून अंतर का काढत नाहीत, असं पुष्कळ जण विचारतात. काढता येतं, पण भरवसा ठेवावा असं नाही. मोकळ्या आकाशात अंतर दुप्पट झालं की जोर पाव होतो. जमिनीवर, इमारतींमध्ये तो त्याहून झपाट्यानं घटतो आणि नेमका किती हे जागेजागेवर बदलतं. वाड्याची दगडी भिंत, लिफ्ट, फोन धरलेला हात, पावसानं निथळणारी झाडं, सगळे आपापला वाटा उचलतात. स्क्रीनवरच्या दोन कांड्या कमी झाल्या म्हणजे तुम्ही टॉवरपासून लांब गेलात असं नाही, कदाचित फक्त माजघरात आलात.

पण हाच दोष एकानं गुणात फिरवला. जर प्रत्येक जागेचा सिग्नल असा विचित्र आणि वेगळा असेल तर त्या वेगळेपणाचीच नोंद का ठेवू नये? जीपीएस चालू असलेले कोट्यवधी फोन रस्त्यानं जाताना ‘या ठिकाणी मला अमुक टॉवर इतक्या जोरानं आणि अमुक वायफाय दिसतंय’ असं सर्व्हरला कळवत असतात. त्यातून सगळ्या जगाचा एक तक्ता तयार झाला आहे. तुमच्या फोननं घरात बसून, आकाश न बघता, ‘मला हे चार वायफाय आणि हे दोन टॉवर दिसतात’ एवढं विचारलं की तक्त्यातून जागा मिळते. शहरात तुमचा निळा ठिपका घराच्या आत पटकन बरोबर येतो तो बऱ्याचदा शेजाऱ्यांच्या राउटरमुळे. शेजाऱ्याच्या वायफायचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक नसला तरी चालतं, त्याचं नाव आणि क्रमांक हवेत जाहीर असतोच.

दोन देवळांच्या घंटा

आता खरी गंमत. अशी कल्पना करा की गावाच्या दोन टोकांना दोन देवळं आहेत आणि दोन्हीकडे बरोबर एकाच क्षणी घंटा वाजते. तुम्ही डोळे मिटून मध्ये कुठेतरी उभे आहात. मारुतीच्या देवळाची घंटा तुम्हाला आधी ऐकू आली आणि महादेवाची बरोबर एका सेकंदानं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तेव्हा एक गोष्ट पक्की झाली. तुम्ही महादेवापेक्षा मारुतीला ३४० मीटर जवळ आहात. घंटा कधी वाजली हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, हातात घड्याळही नको होतं. नुसता फरक पुरला.

पण ‘३४० मीटर जवळ’ अशा जागा कितीतरी आहेत. त्या सगळ्या जोडल्या की एक वक्र रेषा तयार होते, कॉलेजच्या गणितात जिला अपास्त म्हणतात ती. परीक्षेनंतर ज्याची कुणाला आठवण होत नाही असं हे अपास्त तुमचा फोन शोधायच्या कामी येतं. आता तिसरं देऊळ घ्या. मारुती आणि तिसरं यांच्यातल्या फरकानं दुसरी वक्र रेषा मिळते. दोन रेषा जिथे छेदतात तिथे तुम्ही.

ही युक्ती मोबाइलच्या फार आधीची. पहिल्या महायुद्धात लॉरेन्स ब्रॅग यांनी ब्रिटिश सैन्यासाठी मायक्रोफोनची रांग लावून, तोफेचा आवाज कुठे किती आधी पोचला यावरून शत्रूच्या तोफा शोधल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांसाठी ‘जी’ नावाची यंत्रणा आली, ती रेडिओ लहरींवर हेच करायची. ४जीमध्ये देवळांच्या जागी टॉवर आले. प्रत्येक टॉवर ठरलेल्या क्षणी एक खास ओळखीचा संदेश सोडतो आणि फोन त्यांच्यातला फरक मोजतो. जवळचा टॉवर इतक्या मोठ्यानं बोलतो की लांबचे ऐकूच येत नाहीत, म्हणून आळीपाळीनं एकेकाला गप्प बसवायचीही सोय केलेली आहे. पंगतीत मोठ्या आवाजाच्या काकांना दोन मिनिटं गप्प बसवल्याशिवाय पलीकडच्या आजींचं बोलणं ऐकू येत नाही, तसंच.

हे ऐकायला सोपं आहे. घोडं पेंड खातं ते तीन ठिकाणी.

पहिलं घड्याळ. घंटा एकाच क्षणी वाजल्या हे आपण गृहीत धरलं होतं. रेडिओच्या बाबतीत एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटरची चूक. ५जीची जी पद्धत भारतात जास्त चालते, तिच्यात टॉवर आणि फोन एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं बोलतात. ती नीट चालायला शेजारच्या टॉवरांची घड्याळं जुळलेली लागतात, पण तीन मायक्रोसेकंदांपर्यंतचा फरक तिथे खपतो. कॉलला, इंटरनेटला काही होत नाही. लोकेशनच्या हिशेबात मात्र तीन मायक्रोसेकंद म्हणजे ९०० मीटर! तेव्हा ‘नेटवर्क चांगलं चालतंय’ यावरून ‘लोकेशनही चांगलं येणार’ असं धरता येत नाही. त्यासाठी घड्याळं त्याच्या शेकडो पट बारीक जुळवावी लागतात.

दुसरं प्रतिध्वनी. सह्याद्रीच्या घळीत उभं राहून हाक मारली की आवाज समोरच्या कड्यावर आपटून येतो. शहरात रेडिओ लहरीही काचेच्या इमारतींवर आपटून, वाकडी वाट करून फोनपर्यंत येतात. सरळ वाट अडलेली असेल तर फोन त्या वाकड्या वाटेचीच वेळ मोजतो. यातली एक बाब फार महत्त्वाची आहे. वाकडी वाट नेहमी सरळ वाटेपेक्षा लांबच असते, जवळची कधीच नसते. त्यामुळे चुका दोन्ही बाजूंना समसमान होऊन एकमेकींना खात नाहीत, सगळ्या एकाच बाजूला झुकतात. हजारदा मोजून सरासरी काढली तरी ती चूक जात नाही.

तिसरं टॉवरांची मांडणी, आणि हे आपल्याकडे फार जाणवतं. द्रुतगती मार्गावर किंवा कोकण रेल्वेच्या कडेनं टॉवर कसे असतात? रस्त्याच्या कडेकडेनं, एका ओळीत. अशा ओळीतल्या टॉवरांच्या हिशेबानं तुम्ही रस्त्याच्या लांबीवर कुठे आहात ते चांगलं सांगता येतं. पण रस्त्याच्या डाव्या अंगाला दोन किलोमीटर की उजव्या अंगाला दोन किलोमीटर, हे नाही सांगता येत. दोन्हीकडे गणित तंतोतंत सारखं येतं. टॉवर चोहो बाजूंनी हवेत, पोळपाटाभोवती बसलेल्या मंडळींसारखे. टॉवरांची संख्या पुष्कळ असून उपयोग नाही, ते कसे बसलेत ते बघावं लागतं.

५जीच्या २०२० मध्ये पक्क्या झालेल्या प्रमाणकांत घड्याळाची कटकट टाळायचा एक मार्ग आहे. टॉवरनं हाक मारायची, फोननं ‘ओ’ द्यायची आणि जाऊन-येऊन लागलेला वेळ मोजायचा. फोननं उत्तर द्यायला किती वेळ घेतला ते फोनच कळवतो, तेवढा वजा करायचा. दोन्ही वेळा एकाच टॉवरच्या घड्याळावर मोजलेल्या, त्यामुळे शेजारच्याचं घड्याळ चुकलेलं असलं तरी बिघडत नाही. दुसरं असं की ५जीच्या पाटीसारख्या अँटेनात डझनावारी छोट्या अँटेना बसवलेल्या असतात. लहर तिरकी आली की ती एकीवर आधी आणि दुसरीवर किंचित नंतर पोचते, त्या फरकावरून दिशा काढता येते. आपल्याला दोन कानांनी कळतं ना आवाज कुठून आला, तसंच. दिशेत एका अंशाची चूक झाली तर किलोमीटरभर अंतरावर सतरा-अठरा मीटरची चूक पडते, म्हणजे वाईट नाही.

हे सगळं मुळात कशासाठी

गंमत वाटेल, पण या खटाटोपाला जोर आला तो अमेरिकेतल्या एका साध्या अडचणीतून. ९११ या तिथल्या आणीबाणीच्या नंबरवर घरच्या फोनवरून कॉल केला की पत्ता आपोआप समोर यायचा. मोबाइलवरून कॉल आला की समोरच्याला विचारावं लागायचं, ‘तुम्ही आहात कुठे?’ आणि अपघातातल्या माणसाला ते सांगता आलं तर ना! १९९६ मध्ये तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननं मोबाइल कंपन्यांना लोकेशन देणं बंधनकारक केलं. पुढे आकडे ठरले: नेटवर्कनं मोजलं तर ६७ टक्के कॉल १०० मीटरच्या आत आणि ९५ टक्के ३०० मीटरच्या आत. नियम लिहिणाऱ्यांचा शहाणपणा यात दिसतो. त्यांनी ‘बरोबर लोकेशन द्या’ असं नाही म्हटलं, ‘किती कॉलमध्ये किती चूक चालेल’ ते सांगितलं. २०१९ मध्ये उंचीही आली, ८० टक्के कॉलमध्ये वर-खाली तीन मीटरच्या आत, कारण वीस मजली इमारतीत खालचा पत्ता बरोबर असून भागत नाही.

आपल्याकडे ११२ आहे. २०१७ पासून नव्या फोनमध्ये पॅनिक बटण आणि १ जानेवारी २०१८ पासून जीपीएस असण्याचा नियम झाला. स्मार्टफोनमध्ये पॉवरचं बटण तीनदा पटापट दाबायचं, साध्या फोनमध्ये ५ किंवा ९ दाबून धरायचं. घरातल्या मोठ्यांना एकदा दाखवून ठेवा.

जीपीएस आलं म्हणून टॉवर बाद झाला असं नाही, उलट तो त्याचा मदतनीस झाला. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून सेकंदाला अवघे ५० बिट पाठवतो. तो स्वतः आकाशात कुठे आहे हे सांगणारी त्याची माहिती पूर्ण ऐकायला ३० सेकंद लागतात, तेही मध्ये खंड पडला नाही तर. टॉवर तीच माहिती फोनला क्षणात इंटरनेटवरून देतो, आणि तू साधारण इथे आहेस तेव्हा आकाशात हेच उपग्रह शोध असंही सांगतो. नकाशा उघडल्यावर आधी भलंमोठं फिकट निळं वर्तुळ येतं आणि मग ते आवळत आवळत ठिपका होतो, ते हेच. मोठं वर्तुळ म्हणजे टॉवर, मधलं वायफाय, शेवटचा ठिपका उपग्रह. लोक ठिपका बघतात. मी वर्तुळ बघतो.

मध्येच एक, कारण दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. ‘नंबर टाका, लोकेशन बघा’ म्हणणारी अॅप थापा मारतात. नंबरावरून सेल फक्त त्या कंपनीच्या यंत्रणेला कळतो आणि ती तुम्हाला-मला उत्तर देत नाही. चोरीला गेलेला फोन सापडतो तो बऱ्याचदा वेगळ्याच वाटेनं. त्याचा आयएमईआय क्रमांक (*#०६# दाबलं की दिसतो) ‘संचार साथी’ पोर्टलवर नोंदवला की देशभरात तो फोन ब्लॉक होतो आणि कुणी त्यात नवीन सिम घालून वापरू लागलं की ते सिम कळतं. ही सोय २०२३ च्या मे महिन्यात देशभर झाली. यात रेडिओचं गणित काहीच नाही, नुसती वहीतली नोंद.

ठिपका कोर्टात उभा राहतो तेव्हा

पोलीस तपासात ज्याला ‘टॉवर लोकेशन’ म्हणतात ते सहसा कॉलच्या नोंदीतून येतं. कॉल सुरू झाला तेव्हाचा सेल आणि संपला तेव्हाचा सेल. त्यापुढे त्या सेलच्या टॉवरचा पत्ता छापलेला असतो. सगळा घोटाळा त्या पत्त्यात आहे. वाचणाऱ्याला वाटतं माणूस त्या पत्त्यावर होता.

डेन्मार्कमध्ये २०१९ साली याचा मोठा बोभाटा झाला. कंपन्यांकडून आलेली कच्ची माहिती पोलिसांसाठी वाचनीय करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काही नोंदी गळत होत्या, काही फोन चुकीच्या टॉवरला जोडले गेले होते. दोन महिने फोनच्या माहितीचा पुरावा म्हणून वापर थांबवला गेला, १०,७०० जुनी प्रकरणं पुन्हा तपासायला काढली आणि ३२ जणांना कोठडीतून सोडण्यात आलं. माझ्या दृष्टीनं यातला धडा सॉफ्टवेअरचा नाहीच. इतकी वर्षं कुणालाही शंका आली नाही, हा आहे. नकाशावर टाचणी टोचलेली दिसली की माणूस प्रश्न विचारायचं विसरतो.

दुसऱ्या बाजूनं, ढोबळ असली तरी ही माहिती निरुपद्रवी नाही. अमेरिकेत कार्पेंटर खटल्यात पोलिसांनी एका माणसाच्या १२७ दिवसांच्या १२,८९८ नोंदी वॉरंटशिवाय मिळवल्या होत्या. एकेक नोंद ढोबळ, पण इतक्या मिळून त्याचं सगळं आयुष्यच समोर येतं. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं यासाठी वॉरंट हवं असं ठरवलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये, जामीन देताना आरोपीनं गूगल मॅप्सवरची आपली पिन पोलिसांना द्यावी ही अट चालणार नाही, असं सांगितलं.

शेवटी आमच्या आळीतली एक गोष्ट सांगतो. शेजारचे तात्या, वय ऐंशीच्या पुढे, अलीकडे विसरायला लागलेले, एकदा दुपारी घरातून निघाले ते परतलेच नाहीत. खिशात बटणाचा फोन होता, संध्याकाळपर्यंत तोही बंद. पोलिसांनी धावपळ करून शेवटची नोंद मिळवली, पावणेसहाची. त्यापुढे पत्ता होता बाजारपेठेतल्या एका इमारतीचा. घरचे, आळीतली पोरं, सगळे तिथे पोचले. जिने, दुकानं, मागचं पार्किंग, सगळं पालथं घातलं. नऊ वाजता तात्यांच्या मुलाचा मला फोन आला. “दादा, टॉवर वरच आहे, आम्ही बरोबर खाली उभे आहोत. पण तात्या नाहीत इथे.”

मी म्हटलं, “टॉवरच्या खाली ते नसणारच रे. कागदावर पत्त्याच्या शेजारी एखादा आकडा आहे का, ३६० च्या आतला?” होता, २४०. म्हणजे नैऋत्येला बघणारा सेक्टर. त्या बाजूला दोन रस्त्यांनंतर वस्ती संपते, पुढे उसाची शेतं आणि कॅनॉल. वस्तीत दुसरे टॉवर दाटीनं आहेत, तिथे असते तर फोननं त्यातलाच एखादा पकडला असता. म्हणून म्हटलं, वस्ती सोडा, शेतांकडे चला. सेक्टर उलटा जोडलेला नसू दे, एवढंच मनात म्हणत होतो.

साडेदहाला सापडले. टॉवरपासून तीन किलोमीटरवर, कॅनॉलच्या पुलाशी मारुतीचं देऊळ आहे, त्याच्या पारावर. गुरवानं चहा पाजला होता, वर शाल पांघरली होती. मुलगा पारावर बसला आणि त्यानं मान वर केली, तर शेतांच्या पलीकडे अंधारात त्या इमारतीवरचा टॉवरचा लाल दिवा समोरच दिसत होता.